हाताला येणाऱ्या मुंग्या आणि मनगटात दबणारा मज्जातंतू

रात्री दोन-अडीचच्या सुमारास हाताला मुंग्या येऊन जाग येते. पंजा जड आणि सुजल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात सूज नसते. हात झटकला, पलंगाखाली लोंबता सोडला किंवा उठून चार येरझाऱ्या घातल्या की दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटते आणि पुन्हा झोप लागते. सकाळी बोटे थोडी आखडलेली असतात, पण कामाच्या घाईत ते विसरले जाते. अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागात रुग्ण ज्या तक्रारी सर्वांत शेवटी सांगतात, त्यांपैकी ही एक. कंबरदुखीसाठी आलेला रुग्ण निघता निघता म्हणतो, "आणि डॉक्टर, रात्री हातालापण जरा मुंग्या येतात." त्या 'जरा'मागे पुष्कळदा दोन-तीन वर्षांचा काळ दडलेला असतो.

प्रस्तुत लेख त्या काळाविषयी आहे. मनगटात दबलेला मज्जातंतू, म्हणजे बोलीभाषेतील 'नस', वेळेवर मोकळा केला तर हात जवळजवळ पूर्ववत होतो. एका टप्प्यानंतर मात्र तो मोकळा करूनही गेलेली संवेदना आणि शक्ती पूर्णपणे परत येत नाही. हा टप्पा ओळखावा कसा, आणि त्याच्या आत उपचारांपर्यंत पोहोचणे आपल्या परिसरातील श्रमिकांना इतके अवघड का जाते, हे येथे सांगावयाचे आहे.

हातांवर उभा असलेला परिसर

पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील दोन दशकांत चिंचवड, भोसरी, आकुर्डी येथील माळरानांवर कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला, तोपर्यंत औद्योगिक पट्ट्याचे टोक खेड तालुक्यात शिरले होते. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी ही कांदा-बटाट्याची गावे सुट्या भागांच्या कारखान्यांची गावे झाली.

या कारखान्यांत पुष्कळ कामे यंत्रे करतात हे खरे. तरीही वायरिंग हार्नेसचे कनेक्टर अंगठ्याने दाबून बसवणे, हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने नट आवळणे, ओतकामाच्या नगावरची धार ग्राइंडरने काढणे, रबरी सील बोटांनी खाचेत बसवणे ही कामे माणसाचा हातच करतो, आणि एकाच पाळीत तीच हालचाल शेकडो वेळा करतो. घरी परतल्यावर याच हातांना विश्रांती मिळते असेही नाही. कणीक मळणे, भाकरी थापणे, धुणे पिळणे, आणि चाकणच्या आसपास अजूनही गोठ्यातील म्हशीची धार काढणे, या सर्वांत मनगट वाकवून जोर लावावा लागतो. कारखान्यात काम करणारी स्त्री ही दोन्ही कामे करते.

मनगटातील अरुंद वाट

तळहाताच्या मुळाशी, मनगटाच्या समोरील बाजूस एक बोगदा आहे. त्याचा तळ आणि दोन्ही भिंती मनगटाच्या लहान हाडांच्या बनलेल्या असून छप्पर एका जाड, आडव्या अस्थिबंधाचे असते. या बोगद्यातून बोटे वाकवणारे नऊ स्नायुरज्जू जातात: चार बोटांचे प्रत्येकी दोन आणि अंगठ्याचा एक. त्यांच्यासोबत, छपराला लागून, मीडियन नर्व्ह हा मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू यांची संवेदना त्याच्याकडे असते. अंगठा तळहातापासून उचलून इतर बोटांसमोर आणणारे, त्याच्या मुळाशी असलेले मांसल स्नायूही मुख्यतः त्याच्याच ताब्यात असतात. सुईत दोरा ओवणे, शर्टाचे बटण लावणे, चिमटीत वॉशर धरून तो बोल्टवर चढवणे या क्रिया या एका तंतूच्या आधाराने होतात.

बोगद्याच्या भिंती ताणल्या जात नाहीत. स्नायुरज्जूंभोवतीचे आवरण थोडे जरी जाडावले किंवा शरीरात पाणी थोडे जरी साठले, तरी आतील दाब वाढतो आणि त्या गर्दीत सर्वांत मऊ असलेला मज्जातंतू चेपला जातो. या विकाराला वैद्यकीय परिभाषेत कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेतील गेलबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हा दाब प्रत्यक्ष मोजला. निरोगी व्यक्तींच्या बोगद्यात तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा इतका होता, तर रुग्णांमध्ये ३२. मनगट पूर्ण वाकवल्यावर रुग्णांमधील दाब ९४ वर गेला. निरोगी व्यक्तींमध्ये तो ३१ झाला. रक्तदाब मोजणाऱ्या पट्ट्याच्या आकड्यांशी आपला परिचय असतोच, त्यावरून एवढ्या अरुंद जागेत ९४ म्हणजे काय याची कल्पना यावी.

झोपेत बहुतेकांचे मनगट नकळत वाकलेले असते. आडवे झाल्यावर शरीरातील द्रव हातांकडेही पसरतो, आणि बोटांची हालचाल थांबल्यामुळे तो पुढे ढकलला जात नाही. दाब वाढतो, मज्जातंतूचा रक्तपुरवठा मंदावतो आणि मुंग्यांनी जाग येते. हात झटकून हे थांबते, याचा अर्थ तंतूला अद्याप कायमची इजा झालेली नाही. म्हणूनच रात्रीच्या मुंग्या ही या विकारातील सर्वांत मोलाची सूचना आहे. दुर्दैवाने नेमकी तीच सर्वांत दुर्लक्षित राहते.

पुढची अवस्था मज्जातंतूच्या वेष्टनाची. विजेच्या तारेवर आवरण असावे तसे या तंतूंवर वेष्टन असते. सततच्या दाबाने ते झिजते आणि संदेश मंदावतात. आता मुंग्या दिवसाही येतात. दुचाकीचे हँडल धरल्यावर, फोन कानाला लावल्यावर, वर्तमानपत्र हातात धरल्यावर. दाब दूर झाला तर वेष्टन काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा तयार होते. तिसऱ्या अवस्थेत आतील तंतूच नष्ट होऊ लागतात. मुंग्या कमी होतात, त्यांची जागा बधिरपणा घेतो, आणि रुग्णाला वाटते की आपोआप बरे वाटू लागले. त्याच सुमारास हातातून वस्तू निसटू लागतात, गरम तवा कळत नाही आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होत जातो. नष्ट झालेला तंतू दाब दूर झाल्यावर पुन्हा वाढतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने. मज्जातंतूविना दीर्घकाळ, म्हणजे साधारणतः वर्ष-दीड वर्षापेक्षा अधिक, राहिलेला स्नायू मग तो तंतू पोहोचूनही पुरेसा जागा होत नाही. वर उल्लेखिलेला टप्पा तो हाच.

मान, मणका आणि मनगट

आमच्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी अनेकांच्या पिशवीत मानेचा एक्स-रे असतो आणि गळ्यात कधीकधी पट्टाही. "मणक्यात गॅप आहे म्हणून नस दबलीय," असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेत थोडाफार बदल बहुतेक सर्वांच्याच दिसतो. तो दिसला म्हणून हाताच्या मुंग्या त्यामुळेच आहेत असे ठरत नाही. मानेतून दबणाऱ्या नसेचे दुखणे सहसा मानेपासून खांद्यामार्गे खाली उतरते आणि मान वळवल्यावर वाढते. मनगटातील विकार रात्री जागे करतो आणि हात झटकल्यावर शमतो.

या गोंधळाबद्दल स्थानिक डॉक्टरांना दोष देण्यापूर्वी हेही नमूद केले पाहिजे की वैद्यकशास्त्र स्वतः या बाबतीत बराच काळ मानेकडेच पाहत होते. मनगटाचे हाड मोडल्यानंतर मीडियन नर्व्ह दबल्याचे वर्णन लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्येच केले होते. १९१३ मध्ये पॅरिसच्या पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी अंगठ्याचे स्नायू झिजलेल्या एका वृद्धाच्या शवविच्छेदनात मनगटाच्या अस्थिबंधाखाली दबलेला तंतू पाहिला आणि अस्थिबंध वेळीच कापला असता तर ही झीज टळली असती, असे सुचविले. त्या सूचनेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढील अनेक वर्षे अशा रुग्णांच्या मानेजवळच्या बरगडीवर शस्त्रक्रिया होत राहिल्या. १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रेन, राइट आणि विल्किन्सन यांनी सहा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यानंतर १९५० च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज फॅलन यांनी हा विषय सर्वसामान्य डॉक्टरांपर्यंत पोहोचविला. मनगट एक मिनिट वाकवून धरण्याची साधी तपासणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

निदानाचे निम्मे काम एका प्रश्नाने होते. "मावशी, कोणत्या बोटांना मुंग्या येतात?" असे विचारले की उत्तर येते, "सगळा हातच भरून येतो हो." अशा वेळी "आज रात्री जाग आली की नीट बघा आणि पुढच्या वेळी सांगा," असे सांगून ठेवणे उपयुक्त ठरते. पुढच्या भेटीत बहुधा उत्तर असते, "करंगळी सोडून." करंगळी वगळली गेली आणि अनामिकेची एकच बाजू बधिर लागली, की बोट बहुतांशी मनगटाकडेच वळते. फॅलन यांची तपासणी, मनगटावर हलके टिचकी मारून बोटांत झिणझिण्या येतात का हे पाहणे आणि अंगठ्याची ताकद अजमावणे यांस पाच मिनिटे पुरतात. मज्जातंतूतून जाणाऱ्या संदेशाचा वेग मोजणारी विद्युत-तपासणी निदान पक्के करण्यासाठी आणि विशेषतः इजा किती खोल गेली आहे हे ठरविण्यासाठी केली जाते. सुरुवातीच्या अवस्थेत ती निर्दोष आली म्हणून विकार नाही असे समजू नये.

हात बधिर होण्याची आणखी काही कारणे या परिसरात वरचेवर दिसतात आणि ती निसटता कामा नयेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश व्यक्तींत बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी कमी आढळली होती. या कमतरतेने येणारा बधिरपणा बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होतो, मधुमेहाचेही तसेच. ज्याच्या फक्त हातांच्या तीन-साडेतीन बोटांना मुंग्या येतात, त्याला बी-१२ ची इंजेक्शने महिनोन्‌महिने देत राहण्यात वेळ जातो, आणि वेळ हीच येथे खरी किंमत आहे. कमतरता असेल तर ती अवश्य भरून काढावी; मनगटाचा बोगदा तिने रुंद होत नाही.

दुसरे कारण कुष्ठरोग. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरला नाही असे जाहीर झाले. रुग्ण मात्र आजही आढळतात. हातावर किंवा अंगावर फिकट अथवा लालसर, संवेदना नसलेला चट्टा, कोपराच्या मागे हाताला लागणारी जाड नस, किंवा करंगळी-अनामिका वाकडी होऊ लागणे ही लक्षणे दिसली तर त्वरित तपासणी करावी. त्यावरील बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतो आणि वेळेवर घेतल्यास विकृती टळते. यात लपविण्यासारखे काहीही नाही.

करंगळीच्या बाजूची नस

करंगळी आणि अनामिकेची बाहेरील अर्धी बाजू यांचा कारभार अल्नर नर्व्हकडे असतो. कोपर दाराच्या चौकटीवर आपटला की करंगळीपर्यंत जी वीज चमकते, ती याच तंतूची. तो कोपराच्या आतील बाजूस हाडाच्या खोबणीतून जातो आणि कोपर दुमडला की ताणला जातो. फोनवर तासभर बोलणे, कोपर टेबलाच्या किंवा यंत्राच्या कडेवर टेकवून तपासणीचे काम करणे, हात डोक्याखाली दुमडून झोपणे यांमुळे तो चेपतो. मनगटातही त्याची एक वेगळी वाट आहे; तळहाताचा बाहेरील भाग हत्याराच्या मुठीवर सतत दाबला गेला तर तेथेही तो दबू शकतो. हा तंतू पंजातील बहुतेक सूक्ष्म स्नायू चालवतो, त्यामुळे अंगठा व तर्जनी यांमधील खळगा खोल दिसू लागणे हे त्याच्या इजेचे चिन्ह होय. कोपर सरळ ठेवण्याची सवय आणि रात्री कोपराला गुंडाळलेला जाड टॉवेल यांनी सुरुवातीच्या रुग्णांना बराच आराम पडतो.

तिसरा तंतू रेडियल नर्व्ह. रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसमध्ये बाकाच्या पाठीवर दंड टाकून गाढ झोपलेल्या माणसाला उतरताना मनगट वर उचलता येत नाही, तेव्हा पक्षाघात झाल्याच्या भीतीने घरचे लोक त्याला घेऊन धावत येतात. त्यांनी तसे धावत यावेच, कारण पक्षाघात नाही हे डॉक्टरांनी पाहून ठरवायचे असते. दंडावरच्या दाबाने लुळे पडलेले मनगट बहुधा काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत सुधारते. तोवर मनगटाला आधार देणारी पट्टी पुरते.

काम जबाबदार की शरीर

हा प्रश्न रुग्ण विचारतात, मालक विचारतात, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर 'दोन्ही' असे आहे. स्त्रियांमध्ये, विशेषतः चाळीस ते साठ या वयात, हा विकार अधिक आढळतो. मधुमेह, थायरॉइडचा मंदपणा, संधिवात, स्थूलता यांमुळे त्याची शक्यता वाढते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो अनेकींना होतो आणि बाळंतपणानंतर बहुधा आपोआप जातो; तोवर रात्रीची पट्टी पुरेशी असते. त्यामुळे अशा रुग्णाची रक्तशर्करा आणि थायरॉइड तपासल्याशिवाय त्याला पट्टी देऊन घरी पाठवू नये, असे आमचे मत आहे.

कामाच्या बाजूने पाहता जोराची पकड, तीच हालचाल पुन्हापुन्हा, वाकलेले मनगट आणि थरथरणारे हत्यार ही चार कारणे एकत्र आली की धोका सर्वाधिक. थरथरीचा हातांवरील परिणाम नवा नाही. १९१८ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यातील चुनखडीच्या खाणींत हवेच्या हातोड्यांवर काम करणाऱ्या कामगारांच्या बधिर, पांढऱ्या पडणाऱ्या बोटांची पाहणी डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी केली होती. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाने आठ तासांच्या पाळीसाठी हातांना बसणाऱ्या थरथरीची कमाल मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी ठरविली, आणि २.५ ओलांडताच मालकाने उपाय सुरू करावेत असे बंधन घातले.

याउलट, संगणकाच्या कळफलकाविषयीची भीती पुराव्याच्या मानाने मोठी आहे. डेन्मार्कमधील २००३ च्या एका मोठ्या पाहणीत कळफलकाचा वापर आणि हा विकार यांत संबंध आढळला नाही. माउसच्या दीर्घ वापराशी थोडासा आढळला. तळवडे किंवा हिंजवडीचा संगणक-अभियंता पहिल्या आठवड्यातच इंटरनेटवर वाचून घाबरून येतो, आणि भोसरीत बारा वर्षे ग्राइंडर चालविणारा कामगार अंगठ्याचा स्नायू वाळल्यावर येतो. आमची इच्छा याच्या उलट क्रमाची आहे.

कामाच्या जागी पुष्कळ करता येते आणि त्यास फार खर्च येत नाही. जड गन बॅलन्सरला टांगली तर मनगटावरचा भार उतरतो. झिजलेली किंवा असमतोल चकती वेळेवर बदलली की थरथर कमी होते. नगाची उंची बदलून मनगट सरळ ठेवता येते. एकाच कामगाराकडे संपूर्ण पाळीत ग्राइंडिंग न ठेवता दर दोन तासांनी जागा बदलता येते. थरथर शोषणारे म्हणून विकले जाणारे हातमोजे फारसे कामाला येत नाहीत. त्यांच्यावर विसंबून बाकीचे टाळू नये.

उपचार

लक्षणे नवी आणि प्रामुख्याने रात्रीची असतील तर पहिला उपचार मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्टीचा. ती रात्री बांधावयाची. सहा आठवडे नियमाने. बाजारात मिळणाऱ्या काही पट्ट्या मनगट मागे वाकवतात, त्यांचा उपयोग होत नाही, कारण मागे वाकवल्यानेही दाब वाढतो. कामाच्या वेळी घट्ट पट्टी बांधून तोच जोर लावत राहणे तर अधिक वाईट. वेदनाशामक गोळ्यांनी या विकारात विशेष लाभ होत नाही आणि त्या महिनोन्‌महिने घेतल्यास मूत्रपिंडे व जठर यांना त्रास होतो. मालीश करून 'नस बसविणे' हा प्रकार टाळावा.

बोगद्यात दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन आवरणाची सूज उतरवते आणि काही आठवडे चांगला आराम देते. त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. स्वीडनमध्ये पट्टीने गुण न आलेल्या १११ रुग्णांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध अभ्यासात, इंजेक्शनची मोठी मात्रा मिळालेल्यांपैकीही ७३ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. औषधाविना नुसते इंजेक्शन मिळालेल्यांत हे प्रमाण ९२ टक्के होते. अडचणीचा हंगाम, लग्नकार्य किंवा बाळंतपण पार पाडण्यासाठी इंजेक्शन उत्तम. स्नायू झिजू लागलेल्या हाताला मात्र इंजेक्शनवर थांबवून ठेवणे योग्य नव्हे.

शस्त्रक्रियेचे नाव निघाले की घरात एकच वाक्य उमटते, "नस कापली गेली तर?" येथे नस कापावयाची नसून तिच्यावरील छप्पर, म्हणजे तो आडवा अस्थिबंध, उघडावयाचा असतो. तळहाताच्या मुळाशी दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, फक्त तेवढ्याच भागाला भूल, साधारण वीस मिनिटांचे काम आणि त्याच दिवशी घरी. कापलेला अस्थिबंध काही आठवड्यांत थोडा सैल होऊन पुन्हा जुळतो आणि बोगदा रुंदावतो. इतर कोणत्याही शस्त्रक्रियेप्रमाणे येथेही जंतुसंसर्ग, व्रणाची दुखरी जागा किंवा क्वचित तंतूच्या शाखेस इजा होऊ शकते, हे रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे. नेदरलँड्समध्ये १७६ रुग्णांवर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दीड वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९० टक्के, तर केवळ पट्टी वापरलेल्यांपैकी ७५ टक्के रुग्णांना गुण आला होता. पट्टीचा आकडाही हलका नाही. म्हणूनच सौम्य अवस्थेत आम्ही शस्त्रक्रियेची घाई करीत नाही.

रात्रीच्या मुंग्या पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या रात्रीपासूनच थांबतात. बधिरपणा जाण्यास महिने लागतात आणि जुना असल्यास थोडा राहतो. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. बोटे मात्र पहिल्या दिवसापासून हलवावीत. तळहाताच्या मुळाशी दाबल्यावर दुखणे दोन-तीन महिने राहते, पकडीची शक्तीही तेवढ्याच काळात परतते. जड आणि थरथरीच्या कामावर सहा ते आठ आठवड्यांपूर्वी जाऊ नये.

अंगठ्याचा स्नायू पूर्ण वाळला असेल, तर दुसरा एखादा निरोगी स्नायुरज्जू वळवून अंगठ्याला जोडता येतो. ही विद्या आपल्या देशात कुष्ठरुग्णांच्या हातांवर वाढली: १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी, आणि त्यानंतर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात डॉ. नोशिर अंटिया यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या. ज्यांच्याकडे समाज पाठ फिरवीत होता त्यांच्यासाठी विकसित झालेले कौशल्य आज कारखान्यातील हातांच्या उपयोगी पडते.

रजा, वेतन आणि विमा

सहा ते आठ आठवडे, हीच बहुतेक कामगारांची अडचण असते. कायम कामगाराला रजा मिळते. कंत्राटी कामगाराला भीती असते की परत गेल्यावर जागेवर दुसराच उभा असेल, आणि ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. स्नायू वाळेपर्यंत वाट पाहणारे रुग्ण निष्काळजी असतात असा सोयीस्कर समज आहे. पुष्कळ जण नेमका हा हिशेब करूनच थांबलेले असतात. त्यांना एवढे सांगता येईल की सुरुवातीच्या अवस्थेत पट्टी बांधून, कामाची जागा बदलून, एक दिवसही रजा न घेता बरे होण्याची शक्यता चांगली असते. उशिराने येणाऱ्यालाच दीर्घ रजा लागते.

ज्यांच्या वेतनातून राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांना, कंत्राटी असले तरी, आवश्यक दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास आजारपणाच्या काळात वर्षातील ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळू शकतो. चिंचवडच्या मोहननगरातील विमा रुग्णालय आपल्याच परिसरात आहे. अनेकांना आपली वर्गणी कापली जाते हेच ठाऊक नसते. वेतनचिठ्ठी एकदा नीट पाहावी. विमा नसलेल्या निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी धर्मादाय रुग्णालयांत प्रत्येकी दहा टक्के खाटा अनुक्रमे विनामूल्य व सवलतीच्या दरात राखून ठेवण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झालेली आहे. शिधापत्रिका किंवा उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा विभागात चौकशी करावी, संकोच करू नये.

व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता हा वेगळा प्रश्न. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ व्याधी होत्या. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, गोंगाटाने येणारा बहिरेपणा हे त्यांत होते. मनगटात दबणारा मज्जातंतू नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या यादीत मात्र जोराच्या, पुनरावृत्तीच्या आणि थरथरीच्या कामाने होणाऱ्या कार्पल टनेल सिंड्रोमचा स्पष्ट समावेश आहे. नोंद नाही म्हणून गणना नाही आणि गणना नाही म्हणून उपाय नाहीत, हे चक्र डॉक्टरांना निदान आपल्या बाजूने तोडता येईल. रुग्णाच्या कागदावर 'कामगार' एवढेच न लिहिता तो नेमके कोणते काम, कोणत्या हत्याराने, दिवसातून किती तास करतो हे लिहिले तरी पुष्कळ होईल.

तपासणीस येताना म्हणून दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. आधीच्या रात्री कोणत्या बोटांना मुंग्या आल्या हे कागदावर हाताचे चित्र काढून, त्यावर खूण करून आणावे. दोन्ही हात शेजारी ठेवून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यात फरक दिसतो का ते घरीच पाहावे. मधुमेह आणि थायरॉइडचे जुने अहवाल, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि शक्य असल्यास कामाच्या जागेचे मोबाईलवर काढलेले छायाचित्र सोबत आणावे. कारखान्यात मोबाईल नेण्यास मनाई असेल तर घरच्या पाटावर तसाच बसून हात कसा धरावा लागतो ते करून दाखविले तरी चालते.